न उडालेल्या विमानाचे भाडे कोणाचे?

१७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईकडे निघालेले विमान जेट एअरवेजचे शेवटचे ठरले. बँकांनी तातडीचे ४०० कोटी द्यायला नकार दिला आणि जवळपास सव्वीस वर्षे चाललेली कंपनी थांबली. त्याच वर्षी २० जूनला स्टेट बँकेच्या अर्जावरून राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने तिची दिवाळखोरी प्रक्रिया सुरू केली. चार वर्षांनी, २ मे २०२३ रोजी वाडिया समूहाच्या गो फर्स्टने स्वतःच न्यायाधिकरणाकडे धाव घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून उड्डाणे बंद केली. इंजिने मिळत नाहीत, हे कारण कंपनीने दिले. दोन्ही कंपन्या वाचवण्याचे प्रयत्न फसले. ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने जेटच्या आणि २० जानेवारी २०२५ ला न्यायाधिकरणाने गो फर्स्टच्या अवसायनाचा, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवण्याचा आदेश दिला. बातम्यांत बँकांची थकबाकी आली, विमानांच्या मालकांचे खटले आले, कर्मचाऱ्यांचे मोर्चे आले. पैसे भरून तिकीट हातात घेतलेला प्रवासी मात्र दोन दिवसांत बातमीतून गेला आणि कायद्याने त्याला रांगेच्या शेपटाला उभे केले. हे नुकसान नशिबाचे मानून सोडून द्यायचे, की हा अन्याय आहे, असा प्रश्न आहे. माझ्या मते हा अन्याय आहे, आणि तो टाळता येण्याजोगा आहे.

आधी प्रवाशाच्या हाती काय उरते ते पाहू. ग्राहक संरक्षण कायद्याने त्याला चांगले हत्यार दिले आहे. शहापूर किंवा मुरबाडच्या माणसाला कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जावे लागत नाही. तो राहतो त्या जिल्ह्याच्या, म्हणजे ठाण्याच्या ग्राहक आयोगात त्याला तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. पण नादारी व दिवाळखोरी संहितेच्या कलम १४ खाली स्थगिती लागली की कंपनीविरुद्ध नवा दावा दाखल होत नाही आणि जुनाही पुढे सरकत नाही. मुरबाडहून एसटीने कल्याण आणि तिथून लोकलने ठाणे गाठणाऱ्या तक्रारदाराला मग तहकुबीची पुढची तारीखसुद्धा मिळत नाही. आयोगाऐवजी त्याने निराकरण व्यावसायिकाकडे, म्हणजे दिवाळखोरीत कंपनीचा कारभार पाहायला नेमलेल्या माणसाकडे, ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या नमुन्यात, पुराव्यासह मागणी नोंदवावी, असे कायदा सांगतो. ज्या बैठकीत कंपनीचे भवितव्य ठरते तिथे बँका आणि वित्तसंस्था मत देतात. तिकीटधारकाला मत नाही. पुनरुज्जीवनाची योजना मंजूर झाली आणि तिच्यात आपली मागणी नसली, तर ती कायमची संपते. सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २०२१ च्या निकालात हे स्पष्ट केले आहे. कंपनी अवसायनात गेली तर कलम ५३ ची उतरंड लागू होते. आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची चोवीस महिन्यांची देणी आणि तारण घेतलेल्या बँका, मग इतर कर्मचाऱ्यांचे बारा महिन्यांचे पगार, मग विनातारण कर्ज देणाऱ्या वित्तसंस्था, मग सरकार, आणि त्यानंतर ‘उरलेली देणी’. तिकिटाचे पैसे या उरलेल्यांत येतात. तिथपर्यंत पाट वाहत येण्याआधीच पाणी आटलेले असते.

स्थगितीला अर्थ नाही असे कोणी म्हणू नये. कंपनी अडचणीत आली की ज्याचा वकील तगडा तो आधी वसुली करतो आणि बाकीचे हात चोळत बसतात. सगळ्यांचे दावे एका ठिकाणी आणून क्रमाने देणे ही न्यायाचीच रीत आहे. कंपनी जगली तर नोकऱ्या वाचतात, विमाने पुन्हा उडतात आणि देणीही फिटण्याची शक्यता राहते. तेव्हा हजारो प्रवाशांनी हजारो आयोगांत दावे लावावेत, हा उपाय नाही. प्रवाशाला धनकोंच्या रांगेत उभे करण्याची गरज मुळात का पडावी, हा माझा मुद्दा आहे. धनको तो, जो जाणूनबुजून उधार देतो. बँक कर्ज देताना ताळेबंद तपासते, तारण घेते, व्याज लावते, आणि बुडीत कर्जासाठी आधीच तरतूद करते. प्रवासी यांतले काहीच करत नाही. त्याने कंपनीला उधार दिलेले नसते. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या गावी पोहोचवण्याची किंमत त्याने आगाऊ भरलेली असते. ते पोहोचवणे घडेपर्यंत कंपनीने काही कमावलेलेच नसते. न कमावलेला पैसा कंपनीची मालमत्ता समजून त्यातून कंपनीचे कर्ज फेडणे म्हणजे एकाच्या पैशाने दुसऱ्याचे देणे भागवणे आहे.

हा विचार आपल्या न्यायव्यवस्थेला अनोळखी नाही. टाळेबंदीत रद्द झालेल्या उड्डाणांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी निकाल दिला, तेव्हा आर्थिक तंगीतल्या कंपन्यांना प्रवाशांचे पैसे ३१ मार्च २०२१ पर्यंत पुढच्या प्रवासासाठीची पत म्हणून ठेवण्याची मुभा मिळाली, पण त्या रकमेवर दरमहा आधी अर्धा आणि जून २०२० नंतर पाऊण टक्का वाढ देण्याची अट घालून. म्हणजे प्रवाशाचा पैसा वापरायचा तर त्याला मोल आहे, हे मान्य झाले. त्याहून ठळक दाखला विमानांच्या मालकांचा आहे. गो फर्स्टची विमाने भाड्याची होती आणि स्थगितीमुळे मालकांना ती परत नेता येईनात. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून विमाने आणि इंजिने स्थगितीतून वगळली, आणि २६ एप्रिल २०२४ ला दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशाने गो फर्स्टच्या ५४ विमानांची नोंदणी रद्द होऊन ती मालकांना नेता येतील असा मार्ग खुला झाला. ते योग्यच झाले, कारण विमान कंपनीच्या ताब्यात असले तरी तिचे नव्हते. दिवाळखोरी संहितेचे कलम ३६ हेच म्हणते: दुसऱ्याची जी मालमत्ता कंपनीकडे विश्वस्त म्हणून आहे ती अवसायनाच्या गाठोड्यात बांधायची नाही. मग परदेशी मालकाच्या विमानाला जो न्याय वर्षभरात लागू झाला, तो त्याच विमानातल्या खुर्चीसाठी पैसे भरलेल्या माणसाला का नसावा? प्रवाशाचे भाडे विश्वस्ताकडे ठेवलेला पैसा आहे, असे नियमात एकदा लिहिले की कलम ३६ त्याचे आपोआप रक्षण करील.

दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेल्या गोष्टीची ही नीती मुरबाड-शहापूरच्या आपल्या डोंगराळ मुलखाला कोणी नव्याने शिकवायला नको. २ जानेवारी १९४३ रोजी ज्या सिद्धगडाच्या रानात स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या गोळ्यांना बळी पडले, तिथे आजही दरवर्षी माणसे त्यांना वंदन करायला जमतात. शस्त्र हाती घेण्याआधी माथेरानचे वकील असलेल्या कोतवालांनी गरीब शेतकरी सावकाराच्या दारी जाऊ नयेत म्हणून धान्यकोठ्या उभारल्या होत्या. कोठी टिकते ती एकाच गोष्टीवर: जमा झालेले धान्य किल्ली सांभाळणाऱ्याचे होत नाही. कोठी सांभाळणाऱ्यावर कर्ज झाले म्हणून सावकाराने कोठीतली पोती उचलून न्यावीत, हे कोणत्याही गावाला पटणार नाही. विमान कंपनीच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच कायदेशीर मानून गप्प बसलो आहोत.

यावर काही आक्षेप येतील आणि त्यांतले काही वजनदार आहेत. पहिला कामगारांचा. महिनोन्‌महिने पगार न मिळालेल्या कर्मचाऱ्याच्या आधी पर्यटकाला पैसे द्यायचे का? मुळीच नाही. पण प्रवाशाचा पैसा वेगळा ठेवला तर तो या वाटणीत येणारच नाही. कामगाराची रांगेतली जागा तीच राहील. कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी आज जशी वाटणीबाहेर ठेवली जाते, तसेच हे. दुसरा आक्षेप असा की आगाऊ तिकिटांच्या पैशावरच कंपनीचे रोजचे इंधन येते. तो गोठवला तर विमानसेवा महागेल. हाच आक्षेप घरबांधणीत घेतला गेला होता. तरीही रेरा कायद्याने ग्राहकांच्या पैशातील ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवणे आणि बांधकाम पुढे सरकेल तसेच ते काढणे बिल्डरांवर बंधनकारक केले, आणि महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून ते लागू आहे. २०१८ च्या दुरुस्तीने घरखरेदीदारांना दिवाळखोरीत वित्तीय धनकोंचा दर्जाही मिळाला आणि ९ ऑगस्ट २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. खर्चाचे म्हणाल, तर ब्रिटनमध्ये सहलीच्या पॅकेजवर माणशी अडीच पौंड वर्गणी घेऊन हमीनिधी चालतो. थोडे महाग पण सुरक्षित तिकीट प्रवाशाला परवडते. स्वस्त आणि बुडणारे तिकीट शेवटी सगळ्यांत महाग पडते.

तिसरा आक्षेप सर्वांत सैल आहे: रक्कम लहान असते, आणि विमानाने जाणाऱ्याला ती सोसते. आता विमानाने जाणारे फक्त सुखवस्तू राहिलेले नाहीत. आखाती देशात कामाला निघालेला तरुण, आयुष्यात एकदाच काश्मीर पाहू म्हणून साठवणारे निवृत्त शिक्षक, दूरच्या शहरात भरती झालेल्या आजारी माणसाकडे धावणारे नातेवाईक, या सगळ्यांसाठी तिकिटाचे पैसे म्हणजे काही महिन्यांची बचत. आणि बुडण्याचा मार सगळ्यांना सारखा बसत नाही. क्रेडिट कार्डवाला बँकेकडे हरकत नोंदवून पैसे परत मागू शकतो. बाजारपेठेतल्या एजंटाकडे रोख मोजणाऱ्याला ती वाट नाही. एजंटामार्फत घेतलेल्या तिकिटाचा परतावाही कंपनीनेच द्यायचा, असे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम सांगतो; पण कंपनीवर स्थगिती लागली की तो नियम कागदावर राहतो, आणि प्रवासी व एजंट एकमेकांकडे पाहत बसतात. म्हणजे ही व्यवस्था सगळ्यांत जास्त त्याच्याकडून घेते ज्याच्याकडे सगळ्यांत कमी साधने आहेत.

शिवाय प्रवाशाने धोका ओळखून तिकीट घ्यायला हवे होते, असे म्हणायलाही जागा नाही. धोका कंपनीला ठाऊक असतो, बँकांना ठाऊक असतो, नियामकाला ठाऊक असतो. गो फर्स्टने दिवाळखोरीचा अर्ज केला २ मेला. तिकीटविक्री तात्काळ थांबवा असा महासंचालनालयाचा आदेश निघाला ८ मेला. ज्यांना माहीत आहे त्यांनी वेळेत सांगायचे नाही आणि ज्याला माहीत नाही त्याला सावध न राहिल्याचा दोष द्यायचा, ही नीती उलटी आहे. जाणणाऱ्याची जबाबदारी नेहमीच अजाणापेक्षा मोठी असते.

म्हणून मागणी दोन गोष्टींची असावी. प्रवास पूर्ण होईपर्यंत भाड्याचा ठरावीक मोठा हिस्सा वेगळ्या विश्वस्त खात्यात राहावा, किंवा तेवढ्याची बँक हमी कंपनीने द्यावी. आणि दिवाळखोरीचा अर्ज दाखल होताच त्या क्षणापासून तिकीटविक्री आपोआप बंद व्हावी. १ जानेवारी २०२५ पासून नवा भारतीय वायुयान अधिनियम अमलात आला आहे. त्याखालचे नियम घडत असताना हे बोलायची वेळ आहे. सध्या ज्यांचे पैसे अडकले आहेत त्यांनी रक्कम लहान म्हणून मागणी सोडू नये. नोंदवलेली मागणी हा पुरावा असतो. किती माणसांचे काय गेले हे त्यातूनच सरकारपुढे येते, आणि ग्राहक संघटनांना तो पुरावा हाती धरून बोलता येते. घरखरेदीदारांचा हक्क असाच, एकेकाने तक्रार लिहून आणि मग एकत्र उभे राहून, कायद्यात आला. प्रवाशांचाही येऊ शकतो. व्यापार बुडू शकतो. ते कोणाच्या इच्छेवर नाही. पण बुडताना दुसऱ्याची ठेव बरोबर न नेणे मात्र पूर्णपणे माणसांच्या आणि त्यांनी केलेल्या कायद्याच्या हाती आहे.