आपली ओळख कपड्यांत आहे का?

ख्रिस्ताठायी प्रिय बंधुभगिनींनो,

गुडघ्यावर फाटलेली जीन्स घालून एखादा तरुण मिस्सेला आला की मागच्या बाकांवर कुजबुज सुरू होते. वडीलधाऱ्यांना त्यात उद्धटपणा दिसतो. तरुणाला मात्र एवढेच सांगायचे असते की, ‘मी चारचौघांसारखा नाही.’ दोघांनीही त्या जीन्सची कहाणी ऐकावी.

१८७३ साली अमेरिकेत जेकब डेव्हिस हा शिंपी व लेव्ही स्ट्रॉस हा कापडाचा व्यापारी यांनी खिशांना तांब्याचे रिव्हेट ठोकलेल्या विजारीचे पेटंट घेतले. ती कष्टकऱ्यांची विजार होती आणि ती फाटू नये, हाच रिव्हेटचा हेतू होता. शंभर वर्षांनी लंडनच्या ‘पंक’ तरुणांनी प्रस्थापितांच्या निषेधार्थ फाटके कपडे सेफ्टी पिना लावून मिरवले. पण १९७७ सालीच झांड्रा ऱ्होड्स या डिझायनरने तसेच कपडे श्रीमंतांसाठी शिवले. बंडखोरीला दुकानात जागा मिळाली! आता कारखान्यातच जीन्स फाडली जाते आणि हजारो जण एकसारखेच ‘वेगळे’ दिसतात. रोवणीच्या दिवसांत बांधीत राबणाऱ्या आपल्या मायबापांचे कपडेही फाटतात, पण ते कुणी मिरवत नाही.

या हौसेची किंमत कुणी मोजली? जीन्स विटकी दिसावी म्हणून तुर्कस्तानात तिच्यावर वाळूचा फवारा मारीत. ते काम करणाऱ्या अनेक तरुणांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य रोग जडला, काहींचा जीव गेला. २००९ साली तेथील सरकारने त्या पद्धतीवर बंदी घातली.

आपल्या महाराष्ट्रातही असेच घडले. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरात प्रादा कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, पण कोल्हापूरचे नाव घेतले नाही. टीका झाल्यावर कंपनीने तिचे मूळ मान्य केले. बाजाराला चप्पल दिसली, ती घडवणारा चर्मकार दिसला नाही.

आता असिसीच्या संत फ्रान्सिसकडे पाहा. तो कापडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा, नटण्याची हौस असलेला. सुमारे १२०६ साली बिशपांसमोर त्याने अंगावरचे कपडे उतरवून वडिलांना परत केले. तोही चारचौघांहून वेगळा झाला. परंतु त्याचे वेगळेपण झग्यात नव्हते. ज्यांच्यापासून लोक दूर पळत, त्या कुष्ठरोग्यांजवळ तो जाऊन बसला. ते कोणते दुकान विकणार?

बंधुभगिनींनो, स्नानसंस्काराच्या वेळी आपल्या प्रत्येकाला शुभ्र वस्त्र दिले गेले. मालकाच्या लेकराला आणि मजुराच्या लेकराला त्याचा अर्थ एकच होता: तू देवाचे लेकरू आहेस. ही ओळख विकत मिळत नाही, म्हणून ती जुनीही होत नाही.

तरुणांनो, गोंदियाच्या बाजारात हवे ते कपडे पाहा; पण वडिलांना उधारी करायला लावून ‘वेगळे’ होऊ नका. वडीलधाऱ्यांनो, पोराच्या गुडघ्याकडे पाहण्याआधी त्याच्या चेहऱ्याकडे पाहा, त्याची विचारपूस करा. कदाचित त्याला तेवढेच हवे असेल.

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.

तुमचा,
धर्मगुरू