अठरा वर्षांनंतरचं हृदय

6 फेब्रुवारी 2013 रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात पालघरला झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन मुलं तपासायची, जन्मजात दोष सापडला तर पुढच्या उपचारांची सोय सरकारने लावायची, अशी ही योजना. ज्या घरांना हृदयाच्या ऑपरेशनचा खर्च कधीच पेलला नसता, त्या घरांतल्या मुलांसाठी तिने दार उघडलं. तिच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पण तिची वयोमर्यादा अठरा वर्षांची आहे, आणि तान्हेपणी दुरुस्त केलेल्या हृदयाच्या तक्रारी अनेकदा त्यानंतरच डोकं वर काढतात.

टेट्रालॉजी ऑफ फॅलो हा दोष घ्या. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असतं आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते. ऑक्सिजन न मिळालेलं रक्त तसंच अंगभर फिरतं, रडताना बाळाचे ओठ निळे पडतात. 1954 साली मिनेसोटात वॉल्टन लिलेहाय यांनी हा दोष पहिल्यांदा हृदय उघडून दुरुस्त केला. भरवशाचं हार्ट-लंग मशीन हाताशी नव्हतं. म्हणून ते मुलाचं रक्ताभिसरण शेजारच्या टेबलावर झोपवलेल्या मोठ्या माणसाच्या, बहुतेकदा आईच्या किंवा वडिलांच्या, अभिसरणाला जोडत. विविध दोषांच्या अशा 45 रुग्णांपैकी 28 जण घरी गेले. एका शस्त्रक्रियेत दोन जीव पणाला लावणारे ते आईबाप आठवले की आजही गलबलून येतं.

आज ही शस्त्रक्रिया सहसा पहिल्या वर्षातच होते. सर्जन भोक बुजवतो, अरुंद वाट रुंद करतो. वाट फारच चिंचोळी असेल तर झडपेचं कडंच कापून तिथे ठिगळ लावावं लागतं. मग ती झडप नीट मिटत नाही. फुप्फुसाकडे ढकललेलं रक्त दर ठोक्याला थोडं माघारी येतं. मूल मात्र वाढतं, पळतं, क्रिकेट खेळतं, कॉलेजात जातं. वीस-वीस वर्षं कुणाला काही जाणवत नाही, आणि आत उजवा कप्पा हळूहळू ताणला जात असतो. पुढे धाप लागते, ठोके बिघडतात, क्वचित अचानक मृत्यूही ओढवतो. वेळेवर एमआरआय झाला तर हा ताण आधीच दिसतो आणि नवी झडप बसवता येते. 2000 साली फिलिप बोनहॉफर यांनी ती कॅथेटरने बसवून दाखवली, तेव्हापासून अनेकांची छाती पुन्हा उघडावी लागत नाही.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने 1955 ते 1960 या काळात हे ऑपरेशन होऊन पहिला महिना पार केलेल्या 163 जणांचा मागोवा घेतला. बत्तीस वर्षांनी त्यांचं जगण्याचं प्रमाण 86 टक्के निघालं. त्याच वयाच्या इतरांत ते 96 टक्के अपेक्षित होतं. यातला पहिला आकडा ऐकून आनंद व्हायलाच हवा. मधल्या दहा टक्क्यांसाठी मात्र आयुष्यभराची तपासणी लागते.

हृदयाइतकीच मेंदूचीही काळजी घ्यावी लागते, आणि ती तर आपल्याकडे कुणाच्या मनातही येत नाही. हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य रक्तवाहिन्या अदलाबदल झालेल्या बाळांवर बॉस्टनमध्ये शस्त्रक्रिया झाल्या, आणि ती सोळा वर्षांची होईपर्यंत त्यांच्याकडे लक्ष ठेवलं गेलं. त्यांतल्या 65 टक्के मुलांना कधी ना कधी अभ्यासासाठी किंवा वर्तनासाठी खास मदत घ्यावी लागली होती. आपल्याकडे अशा मुलाच्या प्रगतिपुस्तकावर ‘लक्ष देत नाही’ असा शेरा पडतो, घरी त्याला आळशी म्हणतात. त्याच्या शिक्षकांना ऑपरेशनची गोष्ट कुणी सांगितलेलीच नसते.

न सांगणं हाच मला सगळ्यांत मोठा धोका वाटतो. टोरंटोसारख्या सुसज्ज शहरातही एका अभ्यासात 19 ते 21 वर्षांच्या जेमतेम 47 टक्के तरुणांनी मोठ्यांच्या हृदयविभागात उपचार पुढे चालू ठेवले होते. आपल्याकडे तर मुलीचं लग्न ठरताना छातीवरच्या व्रणाचा विषय टाळतात, आणि मग तो तिच्यापाशीही टाळला जातो. तिला एवढंच माहीत असतं की लहानपणी काहीतरी झालं होतं. गरोदरपणी शरीरातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं. फॅलोची नीट दुरुस्ती झालेल्या बहुतेक बायकांना हा भार झेपतो. पण ज्यांच्या हृदयाचा एकच कप्पा नीट काम करतो आणि ज्यांची फोंटान शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांच्यासाठी तो फार जोखमीचा असतो. आपण यांतल्या कुठल्या, हे तिला दिवस राहण्याआधी कळायला हवं.

त्यासाठी नवं यंत्र लागत नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला आईबापांनी शेजारी बसवून, व्रणावर बोट ठेवून सगळं सांगावं. ऑपरेशनचा पूर्ण अहवाल त्याच्या हाती द्यावा. डिस्चार्ज कार्डावरच्या दोन ओळींवर भागत नाही. आणि सरकारने अठराव्या वर्षी त्याचं नाव यादीतून काढताना जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या हृदयविभागाच्या यादीत ते चढवावं, पुढच्या तपासणीची तारीख लिहूनच.