किल्ली कोणाची? संहिताजतनाविषयी एक नैतिक प्रश्न

पोथीचा कागद टिकला की पोथी टिकली, असे पाठचिकित्सा सहसा गृहीत धरते. संगणकावर सिद्ध झालेल्या मराठी संहितेपुढे हे गृहीतक अपुरे पडते. औरंगाबादच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) विद्यापीठाचा नामविस्तार १९९४ साली झाला, त्याच दशकात मराठी प्रबंध आणि नियतकालिके संगणकीय अक्षरजुळणीकडे वळत होती. भारतीय लिपींसाठी १९९१ साली ‘इस्की’ ही प्रमाण संकेतप्रणाली स्वीकारली गेली, तरी प्रत्येक व्यापारी फॉन्टने आपली स्वतंत्र संकेतमांडणी राखली. परिणामी फाइलची निर्दोष प्रत काढली, तरी मूळ फॉन्टवाचून हाती निरर्थक चिन्हेच येतात. जुना संगणक हा अशा संहितेचा जणू अखेरचा साक्षर वाचक ठरतो.

हा वाचक जगवण्याचा एक मार्ग हौशी तंत्रज्ञांनी दाखविला आहे. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी ‘ब्लूस्कझी’सारखा छोटा फलक बसविला जातो, फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी ‘फ्लॅशफ्लॉपी’ ही प्रणाली घातलेले उपकरण येते. साठवण एसडी कार्डावर वा पेन ड्राइव्हवर होते. संगणकाला मात्र जुन्या तबकडीच्याच संकेतांत उत्तरे मिळतात. ‘ब्लूस्कझी’चा आराखडा व आज्ञावली आणि ‘फ्लॅशफ्लॉपी’ची आज्ञावली सर्वांस खुली आहे. ही यंत्राची फसवणूक नव्हे काय, असा आक्षेप संभवतो. परंतु येथे बदलते ते द्रव्य. संहिता आणि तिचा वाचक यांच्यातील संबंध अबाधित राहतो. लेखनिकाने जीर्ण पोथीची नवी प्रत करावी, त्याच जातीचे हे कृत्य आहे.

मराठीला हा प्रश्न नवा नाही. चक्रधरांचे वास्तव्य लाभलेल्या पैठण-वेरूळच्या या परिसराशी ज्यांचा निकट संबंध आहे, ते महानुभाव ग्रंथ शतकानुशतके सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिपींत राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला आणि ‘लीळाचरित्रा’सह मराठी गद्याचा पूर्वेतिहास अभ्यासकांपुढे आला. येथे एक भेद ध्यानी घ्यावा लागतो. पंथाने लिपी गुप्त ठेवली, पण तिची किल्ली शिष्यपरंपरेने सांभाळली. गुप्ततेसोबत उत्तरदायित्वही स्वीकारले. व्यापारी संकेतमांडणीचे गुपित नफ्यापुरतेच राखले जाते. उत्पादन थांबले की किल्लीला धनी उरत नाही. तेव्हा दोष गुप्ततेत नाही. किल्ली पुढे सोपविण्याचे कर्तव्य नाकारण्यात आहे.

खुला आराखडा हे कर्तव्य एका धन्याच्या निष्ठेवर अवलंबून ठेवत नाही, हे त्याचे नैतिक मोल. तथापि खुलेपणा म्हणजे जतन नव्हे. फ्लॉपीवरील चुंबकीय ठसा एकदा पुसला गेला, की कोणतेही उपकरण तो परत आणीत नाही. ठसा शाबूत आहे तोवर कोणीतरी प्रत काढलीच पाहिजे. वाचकाविना खुला आराखडादेखील बंद पोथीच होय. म्हणून संपादकाच्या जबाबदारीची व्याख्या विस्तारावी लागेल. संहितेबरोबर तिचा फॉन्ट, तिची संकेतसारणी व ती उघडणारे यंत्र यांची नोंद ठेवणे हे पाठचिकित्सेचे अंग मानले पाहिजे. मराठी विभागांनी हे काम तंत्रज्ञांवर सोडून दिले, तर उद्याच्या अभ्यासकाला तेराव्या शतकाचे मराठी वाचता येईल आणि विसाव्या शतकाच्या अखेरचे येणार नाही.