स्वस्त विमा आणि परक्याचा हक्क

मुलाला नुकताच परवाना मिळाला की आपण स्वस्त मोटारविमा शोधू लागतो. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. त्याचा दर शासन ठरवते. 2022 च्या दरांनुसार 1000 सीसीपर्यंतच्या खाजगी मोटारीस वर्षाला 2094 रुपये. तो इंजिनाच्या क्षमतेवर ठरतो, चालकाच्या अनुभवावर नाही.

विम्यातील व्याज व अनिश्चितता यांमुळे उलेमांत मतभेद आहेत. तरी कायद्याने अनिवार्य तेवढ्या विम्यास अनेकांनी अनुमती दिली आहे. हा विमा आपल्या गाडीसाठी नव्हे, आपल्या हातून जखमी होणाऱ्यासाठी असतो. शरीअतने चुकून घडलेल्या हत्येतही दियत ठरवली आणि तिचा भार एकट्यावर न टाकता आकिलेवर, म्हणजे आप्तसमूहावर टाकला. पीडिताचा हक्क चालकाच्या ऐपतीवर अवलंबून राहू नये, हे त्यातील मर्म होय.

म्हणून काटकसर अवश्य करा. परवडत नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वगळा. तो घेतलाच, तर मागील वर्षी भरपाई घेतलेली असताना ‘घेतली नाही’ असे लिहून सवलत मिळवू नका. खोट्या सहीने वाचवलेला रुपया हलाल ठरत नाही. आणि मुलाच्या हाती किल्ली देताना त्याला एवढे समजावून सांगा, की विमा भरपाई देतो, गेलेला जीव परत आणत नाही.