शहाबादी फरशीची हद्द

जुन्या मराठी घरातला ओटा, मोरी, जिन्याच्या पायऱ्या शहाबादी फरशीशिवाय डोळ्यांपुढे येत नाहीत. कलबुर्गी जिल्ह्यात शहाबाद, वाडीच्या आसपासच्या खाणींतून निघणारी ही करडी-निळसर चुनखडी भूशास्त्रात ‘शहाबाद फॉर्मेशन’ या नावाने ओळखली जाते. गवंड्याला ती बघताक्षणी कळते. भूशास्त्रज्ञाला मात्र ती नेमकी कुठून कुठपर्यंत, हे ठरवावं लागतं.

त्यासाठीचे नियम गंमतशीर आहेत. फॉर्मेशन ठरतं ते खडकाच्या दिसणाऱ्या गुणांवरून: रंग, थर, कण, घटक. ते नकाशावर दाखवता आलं पाहिजे, त्याला एखाद्या ठिकाणाचं नाव हवं आणि वरच्या-खालच्या सीमा सांगता आल्या पाहिजेत. वयाची अट नाही. एवढंच काय, समुद्राचीही नाही! ‘हे एका प्राचीन उथळ समुद्राच्या तळाशी साचलं’ हा थर वाचून काढलेला निष्कर्ष आहे, व्याख्येचा भाग नव्हे.

ही काटकसर शहाबादच्या बाबतीत फार उपयोगी पडली. ही चुनखडी कवचधारी प्राण्यांच्या आधीची, म्हणजे 54 कोटी वर्षांहून जुनी मानली जाते. शिंपल्यांवरून वय काढायची सोयच नाही, त्यामुळे अंदाजांत कोट्यवधी वर्षांची तफावत पडते. वयाचा वाद चालू राहतो. नावाला धक्का लागत नाही.

सीमांचं मात्र इतकं सोपं नाही. खाली रबनपल्लीचे वालुकाश्म आणि शेल आहेत. शेलमध्ये चुन्याचं प्रमाण हळूहळू वाढत गेलं, तर रेघ कुठे मारायची? पहिल्या चुनखडीच्या पट्टीपाशी, की चुनखडीचं पारडं जड होतं तिथे? खडक उत्तर देत नाही. अभ्यासक ठरवतो आणि कारण लिहून ठेवतो. भीमेच्या खोऱ्यातल्या या खडकांचे एकूण किती भाग पाडायचे, यावरही एकमत नाही.

रॉबर्ट ब्रूस फूट यांनी 1876 मध्ये दक्षिण मराठा मुलखाच्या भूरचनेवर जो ग्रंथ लिहिला, त्यात भीमाकाठचे हे थरही आहेत. दक्षिणेला त्यांच्याखालचा ग्रॅनाइट उघडा पडतो. उत्तरेला सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाने त्यांना झाकलं आहे. म्हणून नकाशात चुनखडीचा रंग उत्तरेला जिथे थांबतो, तो जुन्या समुद्राचा किनारा नव्हे. ती केवळ बेसाल्टची कड आहे. तिच्यापलीकडे चुनखडी किती दूर गेली आहे, ते बोअर मारल्याशिवाय कळत नाही.