हरितेची साक्ष

आपल्या गोड्या मसाल्यातील दगडफूल हे फूल नव्हे. बुरशी आणि शैवल यांच्या सहजीवनातून तो जीव घडतो आणि शास्त्रीय मराठीत त्याला शैवाक म्हणतात. पावसाळ्यात भिंतींवर व झाडांच्या सालींवर मऊ हिरवा थर धरणारी ती हरिता. या दोहोंना खरी मुळे नसतात. पाणी आणि क्षार ते बव्हंशी पावसातून व हवेतील धुळीतून घेतात. साहजिकच हवेतले जड धातूही त्यांच्या देहात साठत जातात. विल्यम नायलँडर या फिनलंडच्या अभ्यासकाने १८६६ मध्ये पॅरिसच्या लक्झेंबर्ग उद्यानातील शैवाकांवरून हवेच्या शुद्धतेचे अनुमान बांधले होते. स्वीडनमध्ये १९६० च्या दशकाअखेरीस हरितांच्या साह्याने जड धातूंचे मोजमाप सुरू झाले.

विषय वनस्पतिशास्त्राचा खरा. परंतु त्यातून एक नैतिक प्रश्न उभा राहतो. जे कोणी मोजलेच नाही, त्याची जबाबदारी कोणाची?

अमेरिकेतील पोर्टलंड शहरात डिसेंबर २०१३ मध्ये वनखात्याच्या संशोधकांनी झाडांवरील हरितेचे ३४६ नमुने गोळा केले. कॅडमियमचे प्रमाण दोन ठिकाणी फार चढलेले आढळले आणि दोन्हींच्या जवळ रंगीत काच घडविणारे कारखाने होते. काचेला पिवळा, केशरी, तांबडा रंग देण्यासाठी कॅडमियम वापरतात. २०१५ च्या ऑक्टोबरात त्यांपैकी एका कारखान्याजवळ यंत्राने हवा तपासली, तेव्हा कॅडमियम राज्याच्या आरोग्यविषयक निकषाच्या ४९ पट निघाले. रहिवाशांना हे कळले २०१६ च्या फेब्रुवारीत.

अशा भट्ट्यांचा धूर गाळण्याची सक्ती त्या वेळच्या नियमांत नव्हती. तेव्हा दोष कोणाचा, असे विचारले तर कायदा मौन धरतो. नीतीला मात्र तसे मौन धरता येत नाही. अज्ञान दोन प्रकारचे असते. एक, जे प्रयत्न करूनही दूर होत नाही. ते क्षम्य आहे. दुसरे, जे दूर केल्यास गैरसोय होईल म्हणून जपले जाते. विषारी धातू वितळविणाऱ्याने आपला धूर कोठे जातो हे न पाहणे, हे दुसऱ्या प्रकारात मोडते.

यावर एक आक्षेप योग्य आहे. हरितेतील धातू म्हणजे माणसाच्या फुप्फुसातील धातू नव्हे. तेवढ्यावरून कारागिरांची रोजीरोटी बंद करणे न्याय्य ठरेल काय? हरिता निवाडा देत नाही, केवळ संशय निर्माण करते, हे मान्य केलेच पाहिजे. पण संशयातूनही एक कर्तव्य जन्मते: अधिक नेमके मोजण्याचे, आणि ज्यांच्या श्वासाचा प्रश्न आहे त्यांना तोवर अंधारात न ठेवण्याचे. पडताळणी पूर्ण होईपर्यंत गप्प राहणे शास्त्रीय संयमाचे लक्षण असेलही. परंतु त्या अवधीत श्वास घेणे कोणालाच थांबविता येत नाही. खात्री नसल्याचे स्पष्ट सांगूनही सावध करता येते.

पोर्टलंडच्या त्या वादानंतर २०१८ मध्ये ओरेगन राज्याने औद्योगिक विषारी उत्सर्जनासाठी आरोग्याधारित नियम केले. नियम मागाहून येतात. दरम्यानच्या काळासाठी माणसाजवळ विवेकच असतो. झाडाच्या सालीवरची हरिता काही लपवीत नाही. तिच्याकडे पाहायचे की नाही, हे मात्र आपल्याला ठरवावे लागते, आणि त्या निर्णयाचे उत्तरदायित्वही आपलेच राहते.