जयंती आणि पुण्यतिथी

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष पौर्णिमेला आपण दत्तजन्माचा पाळणा म्हणतो. दत्तमहाराजांना पुण्यतिथी नाही. श्रीनृसिंह सरस्वतींच्या बाबतीतही आपण श्रीशैलगमन म्हणतो, निधन म्हणत नाही. घरच्या माणसांचं मात्र उलटं. गेल्याची तिथी पंचांगात खूण करून ठेवलेली असते, आणि जन्मतिथी विचारली तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

आमची ही जाऊन दोन वर्षं झाली. अर्धांगवायूने सात वर्षं अंथरुणावर होती. दहाव्याला जो तो म्हणाला, “सुटली बिचारी.” बोलणाऱ्यांचा भाव चांगलाच होता. पण सुटलं नक्की कोण? कूस बदलणं, अंग पुसणं, रात्री दोनला उठणं यातून मीही सुटलोच होतो. अशा वेळी मोकळं वाटणं हे पाप का, असा प्रश्न आपल्यातल्या पुष्कळांना पडत असणार. बोलून कुणी दाखवत नाही. माझ्या मते ते पाप नाही. ओझं उतरल्यावर खांदा हलका होणारच. अवघड गोष्ट पुढेच आहे. डोळे मिटले की मला दिसायची ती अंथरुणावरचीच. बेचाळीस वर्षांचा संसार, आणि शेवटच्या सातांनी आधीची पस्तीस गिळलेली. ही पस्तीस वर्षं सोडवून आणणं हे मागे राहिलेल्याचं कर्तव्य आहे की नाही?

गुरुचरित्रातली सावित्रीची कथा तिसाव्या अध्यायापासून येते. माहूरचा तरुण नवरा क्षयाने खंगलेला. तो खाईल तेवढंच ती खाते, त्याचं औषध स्वतःही घेते. त्याला घेऊन गाणगापूरला पोचते, आणि तिथेच तो प्राण सोडतो. श्रीगुरूंच्या कृपेने तो झोपेतून जागं व्हावं तसा उठून बसतो. पारायणात हा भाग आपण चमत्कार म्हणून वाचतो. आता वाचताना मला वाटतं, सावित्रीला नवरा परत मिळाला तो आजारपण वजा होऊन! आपली माणसं अशी उठत नाहीत. आठवणीत तरी त्यांना उठवता येईल का?

नगरला संसार केलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी ते करून दाखवलं. ना. वा. टिळक १९१९ साली गेले, आणि ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली निघाला. पंधरा वर्षांनीही टिळकांचा तापटपणा, विसरभोळेपणा, हातचा पैसा देऊन टाकण्याची खोड, सगळं त्यात आहे. त्यांनी नवऱ्याला देव्हाऱ्यात बसवलं नाही, म्हणून तो माणूस अजून चालता-बोलता वाटतो. आपण तर गेलेल्याचा फोटो भिंतीवर चढला की त्याचे दोषही पुसून टाकतो.

मीही मग शोधू लागलो. हिचा जन्म शाळेच्या दाखल्यावर एक जूनचा. त्या काळातली निम्मी माणसं एक जूनचीच! तिच्या थोरल्या भावाला विचारलं तर म्हणाले, “थंडीचे दिवस होते, हुरडा चालू होता.” तेवढ्यावरून पुष्कळ आठवलं. हुरड्याबरोबर तिला लसणाची चटणी लागायची, तीही डोळ्यांतून पाणी काढणारी. नवरात्रात पहाटे केडगावच्या रेणुकामातेला निघालो की ही नेहमी माझ्या दहा पावलं पुढे. तेव्हा वस्ती विरळ होती, अंधार असायचा, पण मागे वळून बघायची नाही. भांडायचीही कडक. उसनी दिलेली वाटीभर साखर वर्षभर लक्षात ठेवायची.

लोक सांगतात, आजारपण विसरा, चांगलं तेवढं आठवा. हे मला पटत नाही. ती सात वर्षंही तिचीच होती. वाचा गेली आणि चार-पाच शब्द उरले, त्यातला एक “जेवलात?” सकाळी तोच, रात्री औषधाला उठवलं तरी तोच. डॉक्टर म्हणाले, सवयीचा एखादा शब्द असा राहून जातो, त्यात अर्थ असेलच असं नाही. नसेलही. पण पस्तीस वर्षं रोज माझं ताट वाढणारी बाई होती ती, हे डॉक्टरांना कुठून ठाऊक असणार?

मी “हो” म्हणायचो. मगच ती डोळे मिटायची.